काकूंनी निवडलेली डावी बाजू

मेंदूला इजा झालेल्यांच्या पुनर्वसनात मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. केंद्रासाठी निधी जमवायला सायकलफेरी काढायची ठरली, तेव्हा मी एक गोष्ट लावून धरली. ज्यांच्यासाठी पैसे गोळा करतोय त्यांना मंचावर बसवून सत्कार करायचे नाहीत, त्यांनी सायकल चालवायची. ज्यांचा तोल जातो त्यांना तीनचाकी, ज्यांच्या एका हातात जोर नाही त्यांचे दोन्ही ब्रेक एकाच मुठीत, आणि ज्यांना एकट्यानं रस्त्यावर सोडणं धोक्याचं त्यांच्यासाठी दोघांची टँडम. डॉक्टरांची परवानगी अर्थातच प्रत्येकाची घेतली.

माझ्या टँडमवर मागे एक काका होते. मोटारसायकलवरून पडले, डोक्यावर हेल्मेट नव्हतं, मेंदूच्या उजव्या बाजूला मार बसला. (हेल्मेटमुळे मोटारसायकलस्वाराच्या डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी घटतो, असं २००८च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासून काढलेल्या निष्कर्षात, आहे. हा आकडा मी भेटेल त्याला सांगते.) तेव्हापासून डावीकडचं जग त्यांच्या लक्षातच येत नाही. डोळे ठणठणीत आहेत, पण लक्ष तिकडे पोचत नाही. ताटातलं उजवं अर्धं खाऊन "संपलं" म्हणतात, दाढी अर्ध्याच चेहऱ्याची करतात, आणि काही राहून गेलंय हे त्यांना जाणवतही नाही. घरच्यांना हे समजावणं सगळ्यात जड जातं. माणूस मुद्दाम करतोय असंच वाटत राहतं.

टँडमची दोघांची पेडलं साखळीनं एकमेकांना जोडलेली असतात. पुढच्याचे पाय फिरले की मागच्याचे फिरतातच. काकांचा डावा पाय आम्ही पट्ट्यानं पेडलला बांधला होता, नाहीतर तो घसरला तरी त्यांना पत्ता लागला नसता. निघाल्यापासून माझा एकच धोशा, "काका, मान डावीकडे वळवा. काय दिसतंय?" सुरुवातीला उत्तर यायचं, "काही नाही." पुढे "झाड." मग "पांढरी गाडी, उभी आहे." चढ लागला तसे आम्ही दोघंही गप्प झालो.

चढ संपल्यावर मागून आवाज आला, "अगं, तू कधी आलीस?"

काकू पहिल्यापासून आमच्या डावीकडूनच येत होत्या. ती बाजू त्यांनी ठरवून धरली होती, मलाही न सांगता.

"इथंच आहे मी केव्हाची. दिसतेय ना आता?"

"दिसतेय. हेल्मेट वाकडं बसलंय तुझं."

खरंच वाकडं होतं. काकांची प्रगती मी चाचणीच्या कागदावर बघत आले होते. कोणी न सांगता त्यांनी मान डावीकडे वळवलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

पुढच्या थांब्यावर मात्र वेगळंच चाललं होतं. स्वागताला मोठ्यानं गाणी लावलेली, माइकवरून घोषणा. तीनचाकीवर आलेला एक तरुण दोन्ही कानांवर हात दाबून सावलीत खाली बसला. त्याला चालता येतं, बोलता येतं, पाहणाऱ्याला तो धडधाकटच वाटतो. त्यामुळे "एवढ्यात दमलास?" हे त्याला कायम ऐकावं लागतं. मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के, पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली सुमारे २० टक्के तोच वापरतो. इजेनंतर साधं संभाषण कळायलाही त्याला जास्त राबावं लागतं, आणि गोंगाटात नको ते आवाज गाळून टाकण्याची क्षमता बऱ्याच जणांची गेलेली असते. हा थकवा आळस नाही आणि इच्छाशक्तीनंही जात नाही. मी स्पीकर बंद करायला लावला. आयोजकांतले एकजण नाराज झाले, पाहुण्यांचं भाषण राहिलं म्हणाले. राहू दे. त्या मुलाची आई त्याच्या शेजारी न बोलता बसून होती, तेच त्याला हवं होतं. तासाभरानं तो गाडीतून घरी गेला. त्यानं फेरी अर्धवट सोडली असं कोणी म्हटलेलं मी ऐकून घेतलं नाही.

जमलेला निधी घरभेटींसाठी ठेवलाय. जीव वाचवण्याचं काम रुग्णालयात होतं, पण घरी गेल्यावर काकूंसारख्यांनी रोज काय करायचं हे शिकवायला माणूस लागतो, आणि तो वर्षानुवर्षं लागतो. दरम्यान काकूंनी घरात काकांच्या ताटाच्या डाव्या कडेला लाल चिकटपट्टी लावलीय. पुढच्या फेरीला पुढच्या सीटवर आपण बसणार, हेही त्यांनी मला कळवून टाकलंय.