आजी आधी खिडक्या लावायची

आमच्या घरात भांडण सुरू व्हायची चिन्हं दिसली की आजी मधे पडायची नाही, कोणाला गप्प बसवायची नाही, ती उठायची आणि आधी खिडक्या लावायची. रस्त्याकडची पहिली, मग शेजारच्यांच्या बाजूची, मग स्वयंपाकघरातली. एकदा कडी लागली की मग काय बोलायचं ते बोला. लहानपणी मला वाटायचं की भांडणात धूळ वगैरे आत येत असेल, खरंच, बरीच वर्षं मला कळलं नव्हतं की आतलं बाहेर जाऊ नये म्हणून हे सगळं चाललंय.

परवा सहज बसल्या बसल्या मोजत होतो की मराठीत एका 'नाव' शब्दावर आपण काय काय करतो. नाव कमावतो, नाव काढतो, नाव घालवतो, नाव बुडवतो, नावाला बट्टा लावतो आणि दुसऱ्याच्या घरी जेवून आलो की नावं ठेवतो. यात एक गंमत आहे बघा, मुलाने बापाचं नाव काढायचं असतं आणि मुलीने बापाचं नाव घालवायचं नसतं. म्हणजे त्याने काहीतरी करायचं आणि तिने काहीतरी करायचं नाही. समर्थ म्हणून गेले मरावे परी कीर्तिरूपे उरावे, पण घरातल्या बायकांना हे कोणी ऐकवलेलं मी तरी पाहिलं नाही, त्यांच्या वाट्याला कीर्ती नाही, अब्रू. आणि अब्रू कोणी कमावत नाही, ती फक्त जाते.

एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईच्या रखमाबाईंचं प्रकरण पुन्हा वाचताना हे डोक्यात होतं. अकराव्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न लागलं, पण ती आईकडे आणि सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्याकडेच राहिली, शिकली, आणि पुढे नांदायला जायला सरळ नाही म्हणाली. 1884 साली नवऱ्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला, बायकोचा ताबा द्या म्हणून. 1885 मधे न्यायमूर्ती पिन्ही यांनी तिच्या बाजूने निकाल दिला आणि मग जो काही गदारोळ उठला तो आजच्या कुठल्याही ट्रोलिंगला लाजवेल असा होता, धर्म बुडाला, बायका बिघडल्या, शिक्षणाचे परिणाम बघा, आणि यात केसरीसुद्धा तिच्या विरोधात होता हे आपण टिळकांच्या जयंतीला सांगत नाही. अपील झालं, दावा पुन्हा उभा राहिला आणि 1887 मधे न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं की नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली तुरुंग चालेल.

मला इथे थांबावंसं वाटतं. त्या काळात, म्हणजे काय आजही, चांगल्या घरातल्या बाईने तुरुंगात जाणं म्हणजे सगळं संपलं. लोक तिला धमकी देत होते ती नेमकी याचीच, आणि तिने ती धमकीच उचलून समोर ठेवली की हे घ्या, न्या. मग त्या धमकीत उरतं काय? शेवटी 1888 मधे दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, दादाजी गप्प बसला. त्याने मधल्या काळात आपली बाजू इंग्रजीत छापूनही काढली होती, स्वतःच्या नावाने. आणि रखमाबाईने 1885 साली टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रं लिहिली तेव्हा खाली सही काय होती? एक हिंदू स्त्री. तिचं नाव कोर्टात वाचलं जात होतं, चव्हाट्यावर चघळलं जात होतं, फक्त तिला स्वतःला ते पत्राखाली टाकता येत नव्हतं. पुढे ती लंडनला शिकून डॉक्टर झाली, सुरतेला बायकांच्या दवाखान्यात वर्षानुवर्षं काम केलं.

सुरतेवरून ताराबाई शिंदे आठवल्या. सुरतेच्याच बाजूला विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला दिवस गेले, तिने लोकलाजेपायी मूल मारलं, 1881 मधे तिला फाशीची शिक्षा झाली, अपिलात ती बदलून हद्दपारी झाली. त्यावरून पुणेवैभव नावाच्या पेपराने समस्त बायकांच्या चारित्र्यावर तोंडसुख घेतलं. त्या मुलाला बाप असणार, हा साधा हिशोब कोणाच्या डोक्यात आला नाही. बुलढाण्याच्या ताराबाईंनी 1882 मधे स्त्रीपुरुष तुलना लिहून काढलं, स्वतःच्या नावाने, आणि काय भाषा आहे, शिव्या नाहीत पण शिव्या परवडल्या. त्यानंतर त्यांचं दुसरं पुस्तक नाही. फुल्यांनी त्यांची बाजू घेतली, बाकीच्यांनी दुर्लक्ष केलं आणि 1975 मधे अभ्यासक स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापेपर्यंत कोणाला त्याची फारशी आठवण नव्हती. नावं ठेवून झाली की नाव विसरून जायचं, ही पण एक पद्धत.

फुल्यांनी तर त्याच्या कितीतरी आधी, 1863 मधे, पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं होतं. म्हणजे विधवांनी गुपचूप यावं, बाळंत व्हावं, मूल ठेवून जायचं तर ठेवून जावं. मला त्यातलं 'गुपचूप' फार महत्त्वाचं वाटतं. समाज सुधारेल तेव्हा सुधारेल, तोपर्यंत या बाईला कोणी बघू नये एवढी सोय करू, असा रोकडा विचार. खिडकी लावण्याचा असाही उपयोग असतो तर.

पुरुषांना भोगावं लागलं नाही असं नाही हं. सुधारक आगरकरांनी जिवंतपणी, विरोधकांनी काढलेली स्वतःची प्रेतयात्रा दारावरून जाताना पाहिली. पण त्याच आगरकरांना आणि टिळकांना 1882 मधे कोल्हापूरच्या दिवाणांच्या बदनामीच्या खटल्यात शिक्षा झाली आणि मुंबईच्या डोंगरी तुरुंगातून 101 दिवसांनी सुटले तर लोक स्वागताला. पुरुष तुरुंगातून आला की हारतुरे, हे मी रखमाबाईच्या शेजारी ठेवून वाचतो.

माझ्या लहानपणी पेपरात 'अब्रू लुटली' असं सर्रास छापून यायचं. घरात चोरी झाली तर आपण म्हणतो का की घरमालकाची इज्जत गेली? चोर पकडला गेला की मान चोराची खाली. या एकाच गुन्ह्यात जिच्यावर झाला तिचं काहीतरी गेलं आणि ज्याने केला त्याचं काही गेलंच नाही, असं ते वाक्य आपोआप सांगून मोकळं होतं. 1983 पासून कायद्यानेच अशा बाईचं नाव छापायला बंदी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नियम बरोबरच आहे, माझी अजिबात तक्रार नाही, पण तो कोणापासून वाचवायला केलाय याचा विचार केला की जरा अवघडल्यासारखं होतं. त्या गुन्हेगारापासून नाही, त्याला तर नाव माहीतच असतं. आपल्यापासून.

आमची आत्या लग्नानंतर दीड वर्षाने परत आली. का आली ते इथे लिहीत नाही. शेजारी सांगितलं होतं, औषधपाण्यासाठी आलीय. औषधपाणी आठ महिने चाललं. संध्याकाळी गॅलरीत तिने उभं राहायचं नाही आणि बेल वाजली की दार उघडायच्या आधी आजी हळूच म्हणायची, तू आत जा गं जरा. मी सात आठ वर्षांचा असेन, मला वाटायचं आत्याला लोक आवडत नाहीत.

मागच्या वर्षी कधीतरी विषय निघाला तर आत्या म्हणाली, अरे सासरचं सगळं विसरले मी, खोटं नाही सांगत, पण ते आत जा गं जरा नाही विसरत, दर वेळी वाटायचं मी काय चोरलंय का कोणाचं. मग म्हणाली, आईला तरी काय बोलणार, तिलाही कोणीतरी आत पाठवलंच असेल कधीतरी. आजीबद्दल मी हे कधी ऐकलं नव्हतं, विचारलं, तर म्हणाली, मलाही माहीत नाही, तिने कुठे कधी सांगितलं काही.

आत्या आता एकटीच राहते, फोनवर ठणाणा बोलते, पेन्शनच्या कामावरून साहेबाशी भांडते ते खालच्या मजल्यावर ऐकू जातं. मी एकदा उठून खिडकी लोटायला गेलो, सवयीने, हात आपोआप गेला. ती फोनवर हात ठेवून म्हणाली, राहू दे रे, उकडतंय.