गाठीतली परकी बाटली : आमची वाटचाल

टाकाऊ माल निवडून, त्याच्या गाठी बांधून विकण्याच्या आमच्या व्यवसायाची सुरुवात एका उसन्या वजनकाट्यावर आणि हाताने चाक फिरवून दाबायच्या गाठयंत्रावर झाली. त्या यंत्रात पुठ्ठ्याची एक गाठ बांधायला दोघांना पाऊण तास लागे. त्याआधी दोन वर्षे मी नोकरी सांभाळून, सुटीच्या दिवशी शेजारच्या घरांतून कागद, काच, पत्रा आणि प्लॅस्टिक वेगवेगळे गोळा करीत होतो. तो माल विकायला नेला की खरेदीदार सगळा एका ढिगावर ओती आणि मिश्र मालाचा भाव लावी. आठवडाभराची निवड अशी मिनिटभरात मोडलेली अनेकदा पाहिल्यावर, निवडलेला माल विकेपर्यंत निवडलेलाच राहील असा गाळा आपणच काढावा, हे मनाने घेतले.

पहिला मोठा धडा मिळाला तो पेटच्या, म्हणजे पाण्याच्या नि शीतपेयांच्या बाटल्या ज्या प्लॅस्टिकच्या असतात त्या प्लॅस्टिकच्या, बाटल्यांचा. पॅकिंगच्या पट्ट्या बनवणाऱ्या एका कारखानदाराकडे आम्ही गाठींची पूर्ण गाडी मोठ्या दिमाखात पाठवली आणि ती दुसऱ्या दिवशी परत आली. गाठींत पीव्हीसीच्या, म्हणजे दिसायला तशाच पण वेगळ्या प्लॅस्टिकच्या, बाटल्या निघाल्या होत्या. या धंद्यातल्या माणसाला पुढचे सांगायला नको, तरीही लिहितो, कारण आम्हाला ते तेव्हा कोणी सांगितले नव्हते. पेट वितळायला सुमारे 250 ते 260 अंश सेल्सिअस तापमान लागते आणि पीव्हीसी त्याच्या आधीच विघटित होऊन हायड्रोजन क्लोराइड हा आम्लधर्मी वायू सोडते. त्याने माल पिवळा पडतो, पट्टी ताणली की तुटते आणि यंत्राचा पोलादी भाग गंजतो. हजार किलोंमागे शंभर ग्रॅम पीव्हीसीसुद्धा त्रास द्यायला पुरते. झाकणे पॉलिप्रॉपिलीनची किंवा पॉलिइथिलिनची असल्यामुळे धुताना पाण्यावर तरंगतात आणि आपोआप वेगळी होतात. पेट आणि पीव्हीसी मात्र दोन्ही पाण्यापेक्षा जड, दोघांची घनता जवळपास सारखीच, त्यामुळे टाकीत दोन्ही तळालाच जातात. म्हणून ही निवड धुण्याच्या आधी, डोळ्यांनी आणि हातांनीच करावी लागते.

गाडी परत पाठवणारे तेच कारखानदार पुढच्या आठवड्यात स्वतः आमच्या गाळ्यावर आले. ते रागवायला आले असतील असे आम्हाला वाटले होते, पण त्यांनी खिशातून लाकडी मूठ लावलेली तांब्याची तार काढली. तार ज्योतीत लाल होईपर्यंत तापवायची, संशयित तुकड्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुतेक वेळा पीव्हीसी. (ही परीक्षा उघड्यावरच करावी आणि धूर नाकात जाऊ देऊ नये.) प्रत्येक बाटली अशी तपासता येत नाही, म्हणून त्यांनी बुडाकडे पाहायलाही शिकवले. पेटच्या बाटलीच्या बुडाच्या मध्यावर बारीक टिंब असते, पीव्हीसीच्या बुडावर आडवी सांध्याची रेघ असते, आणि ती बाटली वाकवली की घडीवर पांढरी पडते. ते दिवसभर बाकावर बसून आमच्या निवडणाऱ्या बायकांबरोबर बाटल्या उलट्या करून पाहत होते. त्या दिवसापासून आमच्या प्रत्येक गाठीवर निवडणाऱ्याचे नाव आणि गाठीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी असते.

त्यानंतरच्या पाच-सहा वर्षांत गाठी दाबणारा हायड्रॉलिक प्रेस आला, प्लॅस्टिकचा चुरा करणारा ग्राइंडर आला, घरांची संख्या वाढली. त्याविषयी सांगण्यासारखे फारसे नाही.

मग आमच्या भागात एक ठेकेदार उतरला. त्याचे नाव लिहिण्याची इच्छा नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ठाऊक आहे. 'सगळे एकाच पिशवीत टाका, वेगळे करण्याची तसदी आम्ही घेऊ' असे त्याने घरोघरी सांगितले, आणि आम्ही इतकी वर्षे ज्यांना बाटली रिकामी करून द्या, पुठ्ठा भिजू देऊ नका असे विनवीत होतो, त्या घरांपैकी निम्मी वर्षभरात त्याच्याकडे गेली. लोकांना मी दोष देत नाही, सोय कोणाला नको असते? पण भिजलेल्या कागदाला बुरशी धरते, आणि बांधलेल्या पिशव्या चाळणीयंत्राच्या दांड्यांना गुंडाळल्या की यंत्र थांबवून त्या सुरीने कापून काढाव्या लागतात. हे त्याला आमच्याइतकेच माहीत होते. तो वेगळे करीतच नव्हता. मिश्र गाठी बांधून परदेशी पाठवीत होता.

2017 च्या जुलैमध्ये चीनने 24 प्रकारच्या टाकाऊ मालाची आयात बंद करणार असल्याचे जागतिक व्यापार संघटनेला कळवले. त्यात घरगुती प्लॅस्टिक होते आणि न निवडलेला कागदही होता. 2018 उजाडले आणि जगभरच्या मिश्र गाठी बंदरांत नाहीतर गोदामांत अडकल्या. आम्ही परदेशी एक गाठही पाठवत नव्हतो, तेव्हा आपल्याला याची झळ लागणार नाही अशा भ्रमात राहिलो. ठेकेदाराने अडकलेला माल मिळेल त्या भावाला इथल्याच बाजारात ओतला, माल विकत घेणाऱ्या गिरण्यांची गोदामे भरली, आणि आमच्या स्वच्छ मालालाही गिऱ्हाईक उरले नाही. अकरा आठवडे गाठींवर गाठी रचत राहिलो. प्रेसच्या कर्जाचे दोन हप्ते चुकले, आणि निवडणाऱ्या बायकांना अर्धाच पगार देण्याची वेळ आली, ज्याची लाज मला आजही वाटते.

त्या काळात पट्टीवाले कारखानदार दर पंधरा दिवसांनी एक गाडी नेत राहिले, जुन्याच भावाने. त्यांच्याकडे माल पडून होता हे त्यांच्या वजनकाटेवाल्याकडून मला नंतर कळले. मी विचारले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "स्वस्त गाठ मी एकदा घेतली. तिच्या पट्ट्या अजून तुटतायत."

जुने थकलेले पगार आम्ही पुढच्या वर्षी दिले. पहिल्याप्रमाणे घरे परत यायला त्याहून वेळ लागला, आणि काही आलीच नाहीत. या अनुभवावरून नव्याने या धंद्यात येणाऱ्यांना, त्यांनी विचारलेले नसले तरी, सांगावेसे वाटते की कर्ज काढून पहिले यंत्र घ्यायचे असेल तर प्रेस घेऊ नका, निवडीचे लांब टेबल आणि चांगला उजेड यांवर खर्च करा. प्रेस माल लहान करतो, चांगला करीत नाही. घरांना एकदम सात प्रकार शिकवायला जाऊ नका. ओला आणि कोरडा एवढेच आधी पक्के करून घ्या, बाकीचे टेबलावर करता येते.

तो ठेकेदार बुडाला नाही. त्याने पुढे कचरा सरकवत नेऊन निवडायचा निवडपट्टा बसवला, आणि वर्गीकरणाची पद्धत आपल्या भागात आपणच आणली असे तो आता सत्कारसमारंभांत सांगतो. गेल्या वर्षीच्या अशाच एका समारंभाच्या दुसऱ्या दिवशी तिथला कचरा काळ्या पिशव्यांत बांधून आमच्या दाराशी आला. आमच्या बायकांनी तो घेतला, टेबलावर ओतला आणि बाटल्या उलट्या करून पाहायला सुरुवात केली.