तुम्ही विचारलंत म्हणून: तो वायू हलतो आहे, हे कशावरून?

व्याख्यान संपले की एक प्रश्न हटकून येतो: “चित्रात तर सगळे स्तब्ध दिसते, मग जन्मणाऱ्या ताऱ्यावर वायू कोसळतो आहे, असे कशाच्या जोरावर सांगता?” शंका रास्त आहे. जन्मभर पाहत बसलो तरी हा वायू हलताना दिसायचा नाही. त्याची हालचाल आम्ही वारंवारतेत वाचतो.

या वायूतला फिरणारा कार्बन मोनॉक्साइडचा रेणू ऊर्जेच्या सर्वांत खालच्या पायरीवर उतरताना ११५.२७ गिगाहर्ट्झची लहर सोडतो. वायू आपल्याकडे येत असेल तर ही वारंवारता किंचित चढते, दूर जात असेल तर उतरते. वेग सेकंदाला एक किलोमीटर असेल, तर फरक पडतो तीन लाखांत एक भाग. तेवढा यंत्राला सहज टिपता येतो. (पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या रेडिओ दुर्बिणीतून हे दिसत नाही. तिच्या तबकड्या तारेच्या जाळीच्या आहेत आणि अडीच मिलीमीटरची लहर त्या जाळीच्या भोकांतून निसटून जाईल. या कामाला चिलीत पाच हजार मीटर उंचीवर असलेल्या अल्मासारखी रेडिओ दुर्बीण हवी.)

खरी डोकेफोड पुढेच आहे, कारण कळतो तो केवळ आपल्या दिशेचा वेग. वृषभ तारकासमूहातील, सुमारे ४५० प्रकाशवर्षे दूर असलेला एल१५२७ हा जन्मणारा तारा घ्या. त्याच्याभोवतीची वायू आणि धुळीची चकती आपल्याला कडेने दिसते. तिच्या एका बाजूचा वायू आपल्याकडे येतो, दुसऱ्या बाजूचा दूर जातो. म्हणजे तो फिरतो आहे हे नक्की, पण फिरत फिरत कोसळणारा वायूही अगदी असाच दिसतो. म्हणून मी आडव्या अक्षावर ताऱ्यापासूनचे अंतर आणि उभ्या अक्षावर वेग मांडतो, आणि आत जाताना वेग कसा वाढतो ते पाहतो. अंतर चौथ्या हिश्शावर आल्यावर फिरण्याचा वेग चौपट झाला, तर वायू कोनीय संवेग (वस्तुमान, अंतर आणि फिरण्याचा वेग यांचा गुणाकार) राखून आत पडतो आहे. दुप्पटच झाला, तर तो ग्रहांसारखा कक्षेत स्थिरावला आहे. एल१५२७ भोवती अशी स्थिरावलेली चकती असल्याचे २०१२ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि त्याच वेगांवरून आतल्या ताऱ्याचे वजनही निघाले: सूर्याच्या जेमतेम एक पंचमांश.

त्यातही रेणूगणिक कहाणी बदलते. थंडगार भागात, साधारण उणे २५० अंशांच्या खाली, कार्बन मोनॉक्साइड धुळीच्या कणांवर गोठून गप्प होतो. सल्फर मोनॉक्साइड मात्र ताऱ्यापासून सुमारे १०० खगोलीय एककांवरच्या (एक एकक म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतर) कड्यात उजळलेला दिसतो. कोसळणारा वायू चकतीला भिडतो ती जागा हीच असावी, असे मानतात.