जुन्या पायथनवर स्क्रिप्ट पहिल्याच फटक्यात का कोसळते?

एकही ओळ न छापता थेट सिंटॅक्स एरर आली, तर लॉजिक तपासत बसू नका. आधी त्या मशीनवरची आवृत्ती बघा. एफ-स्ट्रिंग (मजकुरात थेट व्हेरिएबल घालायची सोय) ३.६ च्या आधी चालत नाही, वॉलरस ऑपरेटर (:= हे चिन्ह) ३.८ च्या आधी नाही आणि मॅच-केसला (अनेक पर्यायांतून निवड करणारी रचना) ३.१० लागतं.

अनेकजण फाइलच्या सुरुवातीला आवृत्ती तपासणारी ओळ टाकतात. ती चालतच नाही! पायथन आधी अख्खी फाइल पार्स करतो, म्हणजे वाचून तिची रचना तपासतो. दोनशेव्या ओळीवरचा वॉलरस त्याला कळला नाही, तर पहिली ओळही चालत नाही. म्हणून तपासणी वेगळ्या छोट्या फाइलमध्ये, जुन्या सिंटॅक्समध्ये लिहा आणि आवृत्ती पुरेशी असेल तरच मुख्य फाइल इम्पोर्ट करा. तुलना करताना आवृत्तीचा टपल (आकड्यांचा क्रमवार संच, sys.version_info) वापरा. स्ट्रिंग वापरलीत तर ‘३.१०’ हे ‘३.९’ पेक्षा लहान ठरतं, कारण तुलना एकेका अक्षराची होते.

काही चुका मात्र स्क्रिप्ट चालू झाल्यावरच उघड होतात. उदाहरणार्थ, स्ट्रिंगच्या सुरुवातीचा ठरावीक भाग काढणारी रिमूव्हप्रिफिक्स मेथड ३.९ मध्ये आली; ३.८ वर ती ओळ येईपर्यंत सगळं सुरळीत, मग ॲट्रिब्यूट एरर. तिथे स्टार्ट्सविथने सुरुवात तपासून स्लाइसिंगने तेवढा भाग कापणं पुरतं.