नळावरचा पांढरा थर: घरी नेमकं काय ठेवावं?

बाकीच्या साफसफाईचं काही वाटत नाही. ओट्यावरचं तेल भांड्यांच्या साबणाने निघतं, आरसा मायक्रोफायबरच्या दमट फडक्याने लख्ख होतो. घोडं अडतं ते नळ, शॉवर आणि बाथरूमच्या काचेवर बसलेल्या पांढऱ्या थरापाशी. ‘सर्व डागांवर एकच उपाय’ असं छापलेल्या बाटल्यांचा मला मनापासून राग आहे. सुगंधाचं नाव ठळक असतं, पण आत आम्ल आहे की अल्कली हे शोधून सापडत नाही. आणि डाग जाणार की नाही, ते तर त्यावरच ठरतं.

हा थर बहुतेकदा दुहेरी असतो. खाली जड पाण्याचा क्षार, म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यावर अंगाच्या साबणाचा चिकट, मेणासारखा पापुद्रा. क्षार आम्लात विरघळतो, पण वरचा पापुद्रा आम्लाला खाली पोचू देत नाही. म्हणून लोक व्हिनेगर ओततात, घासतात आणि वैतागतात. सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्याचा एक थेंब टाकून बघा. बारीक बुडबुडे आले तर क्षार उघडा आहे. थेंब नुसताच ओघळला तर आधी साबण काढायचा.

त्यासाठी १ लिटर कोमट पाण्यात १ मोठा चमचा धुण्याचा सोडा, थोडं भांड्यांचं लिक्विड आणि मऊ घासणी. हातमोजे घाला. अ‍ॅल्युमिनियमला हा सोडा लावू नका, ते काळं पडतं. मग स्वच्छ पाण्याने धुऊन टाका, कारण उरलेला सोडा पुढचं आम्लच मारतो.

आता १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड. उकळतं पाणी नको. फार गरम झालं तर कॅल्शियम सायट्रेटचा नवाच पांढरा साका बसू शकतो. उभ्या पृष्ठभागावर नुसता फवारा मारला तर तो खाली वाहून जातो. टिश्यू पेपर या पाण्यात भिजवून नळाला गुंडाळा आणि २० मिनिटं ओला ठेवा. मग जुन्या टूथब्रशने घासून धुवा. राहिलं तर पुन्हा लावा, पण रात्रभर ठेवू नका, क्रोमचा मुलामा खराब होतो. तारेच्या घासणीने चरे पडतात आणि पुढचा क्षार त्या चऱ्यांतच घट्ट बसतो. बुडबुडे थांबूनही काच धुरकटच राहिली, तर बहुधा काचच झिजलेली आहे. तिथे कुठलीही बाटली उपयोगाची नाही.

संगमरवराला आम्ल अजिबात लावायचं नाही. तोही कॅल्शियम कार्बोनेटच. डागासोबत चकाकीही जाते.

व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करण्याचा सल्ला कृपा करून विसरा. फेस छान येतो, पण दोघं एकमेकांना मारतात आणि उरतं जवळजवळ नुसतं खारट पाणी. सोडा कोरडाच, सिंक हलक्या हाताने घासायला वापरा.

ब्लीच बुरशीसाठी, क्षारावर ते काहीच करत नाही. आम्लाशी मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो, अमोनियाशी मिसळलं तरी घातक वाफा. त्यामुळे दोन्ही कामं एकाच दिवशी करू नका. बाटलीही लहान घ्या, ठेवून ठेवून जोर कमी होतो. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचं टॉयलेट क्लीनर फक्त टॉयलेटच्या भांड्यात वापरा. त्याच्या वाफेनेही जवळचं स्टील गंजतं.

नळाच्या तोंडाची जाळी राहिलीच. धार फाकत असेल तर ती फिरवून काढा, पण आधी सिंकचं भोक बंद करा, नाहीतर वॉशर आत जातो. सुटे भाग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने मांडून ठेवा. रबरी वॉशर सोडून बाकीचे अर्धा तास सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात बुडवा. शॉवर निघत नसेल तर हेच पाणी भरलेली पिशवी त्याला रबरबँडने बांधा.

उरलेलं द्रावण पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही भरू नका. फवाऱ्याच्या बाटलीवर नाव आणि तारीख लिहा.