शंभराच्या पुढचं युनिट

वीजबिलाच्या रकमेला युनिटने भागायचं आणि आलेल्या भावाने पंख्याचा, गिझरचा खर्च सांगायचा, हा हिशोब मी सगळीकडे ऐकते. पतसंस्थेत व्याज काढण्यात माझी हयात गेली, त्यामुळे असा सरासरी भाव कानावर पडला की मला राहवत नाही. घरगुती विजेला सरसकट एक भाव नसतोच. महावितरणचे 2024-25 मधले दर बघा, पुढचे सगळे हिशोब त्याच दरांनी केलेत. पहिल्या शंभर युनिटांना वीज आकार होता 4.71 रुपये, 101 ते 300 ला 10.29, 301 ते 500 ला 14.55. प्रत्येक युनिटवर वहन आकार, म्हणजे वीज घरापर्यंत आणण्याचे पैसे, 1.17. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क. म्हणजे पहिल्या शंभरातलं युनिट पडायचं 6.82 रुपयांना, शंभराच्या पुढचं 13.29 ला आणि तीनशेच्या पुढचं 18.24 ला. इंधन समायोजन आकार दर महिन्याला बदलतो, तो मी यात धरलेला नाही.

महिन्याला 180 युनिट जाळणाऱ्या घराचं बिल स्थिर आकार, म्हणजे वापर कितीही असो दरमहा लागणारी ठरावीक रक्कम, धरून 1,894 रुपये होतं. भागाकार केला तर साडेदहा रुपये युनिट. पण त्या घराने एक युनिट वाचवलं तर साडेदहा नाही, 13.29 वाचतात, कारण कमी होतं ते नेहमी वरचं युनिट. नवीन वस्तू आणली तर तीही वरच्याच भावाने चालते. म्हणून आधी आपलं घर दराच्या कुठल्या टप्प्यात, म्हणजे स्लॅबमध्ये, थांबतं ते बघायचं आणि मगच गुणाकाराला बसायचं. दर बदलले तरी रीत हीच राहते.

गुणाकार सोपा आहे. वॅट गुणिले तास, भागिले हजार, की झालं युनिट. अडचण वॅटची असते, कारण वस्तूवर छापलेला आकडा आणि ती प्रत्यक्षात ओढते ती वीज यांत फरक पडतो. त्यासाठी आपल्या मीटरइतकं भरवशाचं यंत्र घरात दुसरं नाही. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो. आमच्या मीटरवर त्याच्याजवळ 3200 हा आकडा छापलाय. तेवढ्या वेळा दिवा लुकलुकला की एक युनिट पडतं. घरातलं सगळं बंद करायचं, एकच वस्तू चालू ठेवायची आणि दोन लुकलुकींमधले सेकंद मोजायचे. 1125 ला त्या सेकंदांनी भागलं की वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर 1600 असेल तर 2250 ला भागा.

हॉलमधला जुना पंखा फुल स्पीडवर लावून मी मोबाइलचं स्टॉपवॉच धरून जिन्यात उभी राहिले. साडेबारा सेकंदांनी दिवा लुकलुकला, म्हणजे 90 वॅट. मग पंखाही बंद केला. घरात काहीच चालू नाही असं वाटत होतं, तरी दिवा लुकलुकलाच, पंचाहत्तर सेकंदांनी. म्हणजे 15 वॅट. ते नव्वदातून वजा केले की पंख्याचे उरले 75. टीव्ही रिमोटने बंद केलेला आणि सेट टॉप बॉक्स मात्र चालूच. हे 15 वॅट चोवीस तास, तीस दिवस धरले तर 10.8 युनिट, म्हणजे 13.29 च्या भावाने 144 रुपये. भिंतीवरचं बटण बंद करायला एक हात पुढे करावा लागतो, तेवढंच.

पंख्याचा हिशोब मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण त्याच्याकडे कुणी बघतच नाही. रोज चौदा तास धरले तर 75 वॅटचा पंखा महिन्याला साडेएकतीस युनिट घेतो, 419 रुपयांची वीज. बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा तीसेक वॅटवर चालतो, त्याचे होतात 167. एका पंख्यामागे महिन्याला अडीचशे रुपये वाचले. तीन हजारांचा पंखा, नाशिकच्या थंडीत तो तीन-चार महिने बंद असतो हे धरूनही दीड वर्षात पैसे फिटतात. दुरुस्तीच्या लायक नसलेला पंखा बदलताना तरी साधा आणू नका, एवढं मी सगळ्यांना कळकळीने सांगते.

मिक्सरची मात्र उगाच धास्ती. 750 वॅटचा मिक्सर रोज दहा मिनिटं फिरला तरी दिवसाला दीड-पावणेदोन रुपये. चटणी वाटताना बिलाचा विचार करूच नये. घरघंटीचंही तसंच. आमची साधारण 900 वॅट ओढते आणि पाच किलो गहू पाऊण तासात दळते. नऊ रुपयांची वीज झाली, किलोला दोन रुपयेही नाहीत.

गिझरच्या बाबतीत वॅट बघून घाबरण्यात अर्थ नाही. तीन हजार वॅटचा गिझर जास्त वीज खातो असं म्हणतात, पण तेवढंच पाणी तेवढंच तापवायचं असेल तर तो लवकर बंद होतो. खर्च ठरतो पाण्यावरून. एका युनिटमध्ये 860 लिटर पाणी एक अंशाने तापतं, हे एकदा लक्षात ठेवलं की पुरे. डिसेंबरात टाकीचं पाणी 18 अंशांवर असतं, अंघोळीला 40 हवं. अठरा लिटरची बादली गुणिले 22, भागिले 860. म्हणजे बादलीला 0.46 युनिट, सहा रुपये. चौघांच्या अंघोळी महिनाभर धरल्या तर 55 युनिट, 730 रुपयांच्या वर. मे महिन्यात पाणी मुळातच 30 अंशांवर असतं, तेव्हा निम्म्याहून कमी. गॅस गिझर स्वस्त पडतो हे खरं, पण बंद बाथरूममध्ये त्याचा कार्बन मोनॉक्साइड जिवावर बेततो. त्या बचतीची गरज कुठल्याच घराला नाही.

परवा धाकट्या जावेचा फोन आला. "ताई, एसी फाइव्ह स्टार घेऊ का थ्री स्टार?" मी तिला दोन्ही लेबलांवरचे वर्षाचे युनिट वाचायला लावले. 740 आणि 980. हे आकडे 1600 तासांचे असतात, म्हणून आधी 1600 ने भागायचं. तासाला 0.15 युनिटचा फरक निघाला. ती दोघंही नोकरीला, एसी लागणार तो एप्रिल-मेमध्ये, रात्रीचे आठ तास. 480 तासांत 72 युनिट. त्या दोन महिन्यांत त्यांचा वापर तीनशे युनिटांच्या पुढे जाणार, म्हणून भाव 18.24 धरला, तेव्हा वर्षाला 1,313 रुपये आले. दुकानात किमतीत फरक आठ हजारांचा. सहा वर्षं लागतील फिटायला, तू थ्री स्टारच घे, असं सांगितलं. सासूबाई त्यांच्याकडे राहायला असत्या आणि एसी दिवसाही लागला असता, तर फाइव्ह स्टारच घे म्हटलं असतं.