खाडी आडवी येते म्हणून रस्ता मोकळा आहे

मुंबई-गोवा सायकलवर करायचं म्हटलं की समोरच्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, अगं पण त्या हायवेवर ट्रक केवढे असतात! तर हायवेने जायचंच नाही. ६६ नंबरचा हायवे पेण, माणगाव, महाड, चिपळूण असा आतून जातो, समुद्र तिथून कितीतरी लांब, आणि आपल्याला हवा असलेला रस्ता किनारा धरून अलिबागजवळच्या रेवसपासून थेट गोव्याच्या हद्दीजवळच्या रेडीपर्यंत गेलाय. सागरी महामार्ग म्हणतात त्याला, पण बऱ्याच गावांतून तो एवढाच रुंद आहे की समोरून एसटी आली तर गाडीवाल्याला कडेला घेऊन थांबावं लागतं. सायकलला काय, दोन फूट डांबर पुरतं.

हा रस्ता इतका रिकामा का राहिलाय हे मला पहिल्यांदा मुरूडजवळच्या आगरदांड्याच्या जेटीवर बसल्यावर लक्षात आलं. सह्याद्रीतून उतरणारी प्रत्येक नदी इथे रुंद खाडी होऊन समुद्राला मिळते आणि रस्ता तिथेच संपतो. कुंडलिकेवर रेवदंडा-साळावचा पूल आहे, पण त्यापुढे राजपुरीची खाडी, सावित्री, वाशिष्ठी, शास्त्री या चारही ठिकाणी फेरीबोटच पकडावी लागते. आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेसवी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. दाभोळहून समोर धोपावे दिसत असतं, बोटीने जेमतेम दहा-पंधरा मिनिटं, आणि बोट नसेल तर खेड-चिपळूण करून शंभर किलोमीटरच्या वर वळसा. असा थांबत थांबत जाणारा रस्ता लांबच्या मालवाहतुकीला काय कामाचा? ते सगळं हायवेने जातं आणि इथे उरतात गावातल्या बाईक, वडाप, मासळीचा टेम्पो आणि एसटी.

यातली एक गोष्ट सायकलवाल्यांनी नक्की लक्षात ठेवावी. बोट धक्क्याला लागली, पुढची फळी खाली आली की सगळ्या गाड्या एकदम सुटतात, आणि नेमका तिथेच चढ सुरू होत असेल तर त्या सगळ्या तुमच्या मागे हॉर्न देत येतात. आपण निघायचं नाही. सायकल जेटीच्या कडेला लावायची, बाटली भरून घ्यायची, कोणी शहाळी घेऊन बसलं असेल तर एक फोडायला सांगायचं, आणि शेवटची गाडी वळणाआड गेली की मग पाय मारायचा. पुढची बोट येईपर्यंत तो रस्ता जवळजवळ तुमचा एकट्याचा असतो, चेनचा आवाज ऐकू येतो इतकी शांतता असते, मी आणि माझी मैत्रीण शेजारी शेजारी सायकल चालवत पूर्ण गप्पा मारत गेलोय अशा रस्त्याने, पुण्यात हे करून बघा!

सगळ्यात लाडका तुकडा कुठला विचाराल तर दिवेआगर ते श्रीवर्धन, आरावी, कोंडिवली, शेखाडीवरून जाणारा. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काळे खडक आणि लगेच पाणी, मधे फक्त रस्ता. भरतीला लाट खडकावर आपटली की तुषार पार अंगावर येतात. आता बघा, श्रीवर्धनकडे जाताना आपण डावीकडून चालवतो म्हणजे डोंगराच्या बाजूने, समुद्र रस्त्यापलीकडे. उलट जाताना मात्र तुम्ही अगदी पाण्याच्या कडेला असता. म्हणून मी श्रीवर्धनला सामान टाकते आणि सकाळी रिकामी सायकल घेऊन हाच रस्ता परत उलटा जाऊन येते, सकाळी सातला तिथे जाळी निवडत बसलेल्या बायका आणि कुत्री सोडली तर कोणी नसतं. बाकी पूर्ण टूर उत्तरेकडून दक्षिणेकडेच करा कारण हिवाळ्या-उन्हाळ्यात दुपारनंतर वारा समुद्रावरून वायव्येकडून सुटतो आणि दक्षिणेला जाताना तो पाठीवर मिळतो, सामान लादलेल्या सायकलला हा फरक फार मोठा आहे.

किनारा म्हणजे सपाट असं समजून कोणी येऊ नये. गाव खाली पुळणीला, म्हणजे वाळूच्या किनाऱ्याला, मग घाटी चढून वर सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, तिथून परत खाली पुढच्या गावात किंवा खाडीवर, असं दिवसभर चालतं. चढ लांब नसतात, दोन-तीन किलोमीटरचे, पण उभे असतात आणि जांभ्याची लाल धूळ वळणावर साचलेली असते त्यामुळे उतरताना ब्रेक सांभाळून लावायचा. पुढे पेडलपाशी तीन चेनरिंग (दातेरी चकत्या) असलेली किंवा मागच्या चाकाला मोठी कॅसेट (गिअरच्या चकत्यांचा संच) असलेली सायकल घ्या, कितीही हळू असो, बसून चढता आलं पाहिजे. टायर थोडा जाड. पॅनियरमधे, म्हणजे कॅरिअरला अडकवायच्या पिशव्यांत, दोन ट्यूब, पंप, पॅच आणि एक चेन लिंक, कारण गिअरच्या सायकलचं सामान अलिबाग सोडलं की पार दापोली-रत्नागिरीपर्यंत मिळेल याची खात्री नाही.

वेसवीला उतरून बाणकोटपर्यंत खाडीच्या कडेने छान रस्ता आहे, पुढे वेळास, जिथे ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी गावकरी आणि वन विभाग राखतात आणि साधारण फेब्रुवारीपासून पिल्लं समुद्रात सोडतात. त्या दिवसांत गावात मुक्कामाला जागा मिळणं अवघड, आधी फोन करून ठेवा. वेळास ते केळशी चढ-उताराचं आहे, तिथे एका वळणावर आम्ही धापा टाकत थांबलो तर गडग्यापलीकडून, म्हणजे दगडी कुंपणापलीकडून, एक आजी बघत होती, म्हणाली, "कुठं चाललीस गो बाय उन्हाची?" म्हटलं आजी, गुहागरला. तिने काही न बोलता आत जाऊन तांब्याभर पाणी आणि वाटीत गूळ आणून दिला, सायकलची सीट दाबून बघितली आणि एवढी कडक कशी गो, म्हणून पोराला बोलावून त्यालाही दाखवली. आम्ही अर्धा तास बसलो तिच्या पडवीत. गाडीने जाणारा माणूस या वळणावर थांबतच नाही, त्याला थांबायची गरजच पडत नाही.

रत्नागिरीच्या खाली चित्र वेगळं आहे. भाट्ये, पूर्णगड-गावखडी असे पूल कधीच झालेत, बोट लागत नाही, तरी रस्ता शांतच. त्याआधीचा गणपतीपुळे ते रत्नागिरी, आरे-वारेचा तो प्रसिद्ध तुकडा मात्र सुट्टीच्या दिवशी गाड्यांनी भरलेला असतो, तो पहाटे उरकायचा. पूर्णगड ओलांडून सड्यावर आलात की सावली नावाला नाही, सगळा कातळ, फेब्रुवारीत वाळलेलं सोनेरी गवत आणि डोळे दिपवणारं ऊन. कशेळीला थांबाच. कनकादित्याचं देऊळ तर आहेच, पण तिथल्या सड्यावर कातळात कोरलेला भलामोठा हत्ती आहे आणि त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२ मधे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या, म्हणजे संभाव्य स्थळांच्या यादीत गेली. जवळ उभं राहिलं की नुसत्या रेषा दिसतात, चारही बाजूंनी फिरलं की मग हळूहळू सोंड, पाय असं जुळत जातं. त्या रेषांवर पाय देऊ नका, प्लीज.

आता मनातलं. रेवस-रेडी मार्गावर उरलेल्या खाड्यांवर पूल बांधायचे ठरलेत, बाणकोटच्या खाडीत तर अर्धवट पुलाचे खांब कित्येक वर्षं उभे आहेत. पूल नकोत असं मी म्हणणार नाही. रात्री अपरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल आणि बोट बंद असेल तर तिथल्या माणसाचे काय हाल होतात ते आपण दोन दिवस जाऊन ठरवायचं नाही. आणि दक्षिणेकडे पूल होऊनही रस्ता शांत राहिलाय हेही खरंय. भीती वाटते ती रुंदीकरणाची, म्हणजे शेखाडीसारख्या ठिकाणी डोंगर कापून चार लेन करणं, आंब्याची झाडं, गडगे, गावातल्या पाखाड्या (दगडी पायवाटा) सगळं त्यात जाणं. गावातून जाणारा जुना रस्ता तसाच ठेवा, वेगवान वाहतूक बाहेरून काढा, आणि नव्या पुलांवर पायी आणि सायकलने जाणाऱ्यांसाठी एक वेगळी पट्टी सोडा, एवढं जरी झालं तरी हा देशातला सगळ्यात सुंदर सायकल रूट होईल असं मला मनापासून वाटतं. शाळेत जाणारी पोरंही त्याच पट्टीवरून जातील.

जायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद राहू शकतात. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो, म्हणजे गाड्या नेणारी बोट आहे, २०२० पासून, त्यात सायकल नेता येते, म्हणजे पनवेल-पेणचा गोंधळ पूर्ण टळतो. संध्याकाळची शेवटची फेरी किती वाजता ते आदल्या दिवशी जेटीवर फोन करून विचारा, नेटवरच्या वेळांवर जाऊ नका. परत येताना कोकण रेल्वेने, सायकल लगेज म्हणून ब्रेक व्हॅनला (गाडीच्या सामानाच्या डब्याला) बुक करायची, स्टेशनवर तासभर आधी पोचायचं आणि पॅनियर काढून स्वतःजवळ ठेवायचे. पहिल्यांदाच जाणार असाल तर अख्खा गोवा डोक्यात घेऊ नका, मुरूड-जंजिऱ्याहून गुहागर एवढंच करा, दोनशेच्या आतबाहेर किलोमीटर आणि तीन बोटी, चार दिवस निवांत ठेवा. गुहागरहून चिपळूण स्टेशन साधारण ४५ किलोमीटर, हा मात्र वाहता रस्ता आहे, पहाटे निघा. आणि सोमवारी सुरू करा, शनिवार-रविवार त्यात येऊच देऊ नका.